मॉक निकालाचे पेढे

मला धीर नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतही मी ओट्यापाशी स्वस्थ उभी राहू शकत नाही, तर लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी दोन महिने कशी थांबणार? थांबणं भागच होतं म्हणून थांबले, पण शेवटच्या आठवड्यात जो घोळ घातला तो माझ्या याच स्वभावामुळे.

पुण्याहून आम्ही बंगळुरूला आलो तेव्हा ती पाचवीत होती. व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्या बायकांपैकी पाच जणींची मुलं त्या वर्षी बारावीला होती. रोज तोच विषय. कुणाची रँक किती, कुणाला कुठलं कॉलेज मिळेल. मी पुण्याची नोकरी सोडून इथे आले होते. नवऱ्याला ऑफिस होतं, लेकीला शाळा होती, आणि माझ्या आयुष्यात मात्र सात वर्षांत चारचौघींत सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. तेव्हा हे मला कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते.

इथली पद्धत अशी, की सीईटीची रँक कळली की मुलांनी कॉलेज आणि शाखा यांची पसंतीक्रमाने यादी भरायची. मग आधी मॉक निकाल लागतो. म्हणजे आत्ताच्या याद्या तशाच राहिल्या तर कुणाला काय मिळेल, याचा नुसता अंदाज. तो बघून सगळे आपापल्या याद्या खालीवर करतात आणि त्यानंतर खरा निकाल.

लेकीला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं. यादीत पहिलं होतं शहरातल्या जुन्या, नावाजलेल्या कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स. दुसरं, माझ्या हट्टामुळे, त्याच कॉलेजचं केमिकल. तिसरं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, केंगेरीच्याही पुढच्या एका नव्या, लहान कॉलेजचं इलेक्ट्रॉनिक्स. आम्ही दोघी ते कॉलेज बघून आलो होतो, आणि परत येताना मेट्रोत ती तिथल्या लॅबबद्दल जे बोलत सुटली ते घर येईपर्यंत थांबली नाही. मी हूं हूं करत होते. त्या कॉलेजचं नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मॉकमध्ये तिला पहिलंच मिळालं. मी किंचाळलेच.

"आई, हे मॉक आहे. फायनल नाहीये," ती म्हणाली.

"कळतं गं मला!"

कळत होतं, हे खरंच आहे. तरीही मी नवऱ्याला फोन करून येताना दोन किलो धारवाडी पेढे आणायला सांगितले. "थोडं थांबूया का?" तो म्हणाला. "तुम्ही आणा हो," मी म्हटलं. साडी नेसून मी आमच्या आणि वरच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांत गेले, मग फेऱ्यांच्या मैत्रिणींकडे. वरच्या मजल्यावरच्या म्हैसूरकडच्या अक्कांनी पेढा हातात घेतला, मॉक आला का विचारलं आणि त्यांच्या कानडीमिश्रित हिंदीत म्हणाल्या, "सरी, सरी. लेकिन स्वल्प रुको ना, अभी सब लोग लिस्ट चेंज करते हैं." त्यांच्या मुलाची रँक आमच्यापेक्षा मागे होती. जळताहेत, असं मनात म्हणत मी जिना उतरले.

दोन दिवसांनी लेक लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ आली. "मी दोन आणि तीन बदलते. पहिलं नाही मिळालं तर मला केमिकल नकोय. लांब असलं तरी चालेल, पण इलेक्ट्रॉनिक्सच हवं."

"मिळालेल्याला हात लावायचा नाही."

"मिळालेलं नाहीये अजून!"

"अगं, मी सगळ्यांना त्या कॉलेजचं नाव सांगून आलेय. आता काय, केंगेरीच्या पुढचं कुठलं तरी नाव सांगत फिरू?"

हे मी बोलले, याच शब्दांत. तिने माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

पुढचे दिवस तिला जेवण जात नव्हतं. माझं आपलं दहीभात कर, थालीपीठ लाव, असं चाललं होतं. खरा निकाल लागला आणि तिला दुसरं मिळालं. केमिकल. वरचं काही मिळालं की यादीतलं त्याखालचं सगळं आपोआप रद्द होतं, त्यामुळे ते लहान कॉलेज संपलंच. पुढच्या फेरीतही इलेक्ट्रॉनिक्स लागलं नाही. कटऑफ जाहीर झाले तेव्हा नवऱ्याने ते बघून मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, की त्या लहान कॉलेजात तिला अगदी सहज मिळालं असतं. अक्का लिफ्टपाशी भेटल्या, म्हणाल्या, "कॉलेज वही है ना? बस." मी हो म्हटलं. नाव तेच होतं, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. नापास होत नाही, तक्रार करत नाही, कॉलेजबद्दल घरी बोलतही नाही. मागच्या महिन्यात जेवणाच्या टेबलावर बसून ती इंटर्नशिप शोधत होती. एकेका कंपनीचं पान उघडायची, कुठल्या शाखेची मुलं हवीत ते बघायची, बंद करायची. मला बघवेना.

"तुला तेव्हा यादी बदलू द्यायला हवी होती," मी म्हटलं. "माझं चुकलं."

तिने मान वर केली नाही. "पासवर्ड माझ्याकडेच होता, आई. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साइट चालू होती. मी दोन आणि तीन बदललेही होते."

"मग?"

"मग तू खालून भाजी घेऊन आलीस. लिफ्टमध्ये कुणीतरी तुझं अभिनंदन केलं होतं, पिशवी हातात तशीच धरून तू मला ते सांगत होतीस. इतकी खूश होतीस. मी परत होतं तसं करून टाकलं."

तेव्हापासून मी आठवून बघते आहे. लिफ्टमध्ये कोण भेटलं होतं, काय म्हणालं होतं, मला काहीसुद्धा आठवत नाही.