वातीपुरता वेळ

ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला श्रीरंग ऑफिसात फायली साठवायची मशीन जलद करून द्यायचा. घरचं काम मात्र कायम उद्यावर. आईच्या जुन्या कॉम्प्युटरवर बाबांच्या आवाजातली आरती अडकत अडकत सुरू व्हायची. बाबा गेल्यापासून संध्याकाळचा दिवा त्याच आरतीवर लागायचा.

एका रविवारी तो बसलाच. "आई, ही गाण्यांची वेगळी डिस्क चिमटी-चिमटीनं वाचून राहिली. ब्लॉक म्हणजे तिचे घास, ते मोठे केले की ओंजळीनं वाचते, पाहा." त्यासाठी डिस्क आधी पूर्ण पुसावी लागते. म्हणून त्यानं भजनं, लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे उतरवून घेतले. वीजबिलांचा फोल्डर तेवढा कचरा म्हणून सोडला. मग डिस्क पुसली आणि उतरवलेलं सगळं परत भरलं.

संध्याकाळी भजनं झटक्यात लागली. आरती लागेना. बाबांनी ती बिलांच्याच फोल्डरात ठेवली होती. आई रोज दाबायची ते स्क्रीनवरचं चिन्ह नुसतं तिथं पोचवणारं होतं; श्रीरंगला तीच आरती वाटली होती. श्रीरंगनं नाना उपाय केले, पण पुसलेल्या जागेवर नवं लिहून झालं होतं.

"काहून केली रे एवढी घाई?" आई हळूच म्हणाली. "ती सुरू होईस्तोवर माझी वात वळून व्हायची."

तिनं वात वळली, दिवा लावला आणि स्वतःच आरती धरली. श्रीरंगनं टाळ घेतले. पण रोज ऐकूनही, बाबा कुठल्या ओळीवर थांबायचे ते त्याला आठवेना.