प्रवचनानंतर बाहेर

लग्नानंतर दर रविवारी मी बायकोला चर्चपाशी सोडायचो आणि मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपेपर्यंत आवारातल्या बाकावर पुस्तक वाचत बसायचो. "आत या, कोणी खात नाही," ती म्हणायची. मी गेलो नाही. ती वारल्यावर मात्र ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्या मोठ्या माणसांच्या वर्गात जाऊन बसलो.

कसब्यातला थोरला भाऊ म्हणाला, "साठी बुद्धी नाठी म्हणतात. तू अगदी वेळेवर आलास."

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मोठ्या माणसाला लगेच बाप्तिस्मा मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. ईस्टरपर्यंत शिकायचं. मध्ये एका रविवारी चर्च आपला रीतसर स्वीकार करतं; त्या दिवसापासून फक्त प्रवचन ऐकायचं आणि उठून बाजूच्या खोलीत जायचं. त्यापुढचा, वेदीवरचा विधी बाप्तिस्मा झालेल्यांचा. ही जुनी प्रथा मी पुस्तकांत वाचली होती. वर्गातल्या आयटीतल्या मुलीला ती कौतुकाने समजावूनही दिली होती.

आमचा स्वीकार करायचा रविवार नेमका बायकोच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास आला. मिस्सेत मृतांसाठीच्या प्रार्थनेत घ्यायला तिच्या बहिणीने तिचं नाव दिलं होतं. ते कानांनी ऐकायला मिळणार, म्हणूनच मी रात्रभर जागा होतो.

फादरांनी माझ्या कपाळावर, डोळ्यांवर, कानांवर क्रूसाची खूण केली. प्रवचन झालं. मग त्यांनी आम्हाला पुढे बोलावलं, आमच्यासाठी प्रार्थना केली आणि म्हणाले, "आता शांतीने जा."

मी जागचा हललो नाही. बाईंनी कोपराला हात लावला. भरल्या चर्चच्या मधून चालत मी बाहेर आलो. समोर तोच बाक.

"तिचं नाव घ्यायचंय अजून," मी म्हणालो.

"ते वेदीवरच्या प्रार्थनेत. आपण नसतो तेव्हा."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"दोनदा सांगितलं, भाऊ. तुम्ही मान डोलावलीत."

खरं होतं. बाहेर पाठवतात हे मला ठाऊक होतं. ते मला पाठवतील, आजच, हे डोक्यात शिरलंच नव्हतं. बाजूच्या खोलीत आल्यावर माझा चेहरा पाहून बाईंनी दार सताड उघडं ठेवलं आणि बाकीच्यांना खुणेने गप्प केलं.

फादरांचा आवाज स्पष्ट येत होता. मृतांसाठीची प्रार्थना आली. त्यांनी एका बाईचं नाव घेतलं. कुणी परकी असेल. मी पुढच्या नावासाठी श्वास रोखून बसलो. पुढचं नाव आलंच नाही. लोक उभे राहून 'हे आमच्या बापा' म्हणू लागले.

"राहिलं की हो तिचं," मी म्हणालो.

बाई म्हणाल्या, "घेतलं ना. आत्ताच. तुम्ही ऐकलं नाहीत?"

ते तिचं बाप्तिस्म्याचं नाव होतं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहून तिला दिलं होतं, आणि आयुष्यभर मी त्याच नावाने तिला हाक मारली. जुनं एकदाच, लग्नाआधी, तिच्या दाखल्यावर वाचलं होतं. इथे मात्र तिला सगळे त्या जुन्याच नावाने ओळखत होते, माझ्या बाकापासून वीस पावलांवर.

आयटीतली मुलगी पाण्याची बाटली पुढे करत होती. ती मी घेतली नाही.

"ते नाव परत एकदा म्हणता का?" मी बाईंना विचारलं.

त्यांनी म्हटलं. वर्गात प्रार्थना शिकवायच्या तसं, सावकाश. मी त्यांच्यामागून म्हटलं.