चित्रावरचा टॉवेल

मी शाळेत जायला लागले तेव्हा आईत आणि माझ्यात मिळून चपलांचा एकच जोड होता. आई डहाणूच्या चिकूवाडीत कामाला गेली की मी अनवाणी. तिला काम नसलं की मी तिच्या मापाच्या चपला फटफटवत शाळेत. बाप लवकर गेला. आईनं मला वाडीवर न नेता तलासरीला मिशनच्या वसतिगृहात घातलं. आम्ही वारली, हिरवादेव मानणारे. तिथं धर्म कोणी विचारला नाही, फक्त उवा तपासल्या.

पालघर जिल्हा झाला त्या वर्षी मी कॉलेजात गेले, राहायला त्याच वसतिगृहात. शेवटच्या वर्षी एका चित्रावर लिहायचा प्रकल्प होता; त्याला वसतिगृहाच्या प्रार्थनाघरातलं ख्रिस्तजन्माचं छोटं चित्र घेतलं. रोज डोळ्यांसमोरचं, म्हणजे मेहनत कमी! रंग, चुण्या, मेंढ्या, सगळं लिहिलं. कॉलेजातल्या सरांनी वही परत दिली.

"मोजलंस सगळं, पाहिलं काहीच नाहीस. आठ दिवसांत परत लिही, नाहीतर वर्ष गेलं."

वर्ष गेलं असतं तर मीही चिकूवाडीतच.

त्या रविवारी आई भेटायला आली. तिला चित्रापुढं नेलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"सुईण कुठाय?"

वसतिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर मागंच होत्या. म्हणाल्या, "मावशी, बायबलात सुईण नाही लिहिली."

"लिहिणारे बाप्ये असतील."

सिस्टरना खोकला आला.

"आणि शेक? थंडीची बाळंतीण गोठ्यात, नि साधी शेगडी नाही?" एवढं बोलून आईनं खांद्यावरचा टॉवेल चित्रावर टाकला.

"आई, काढ तो!"

"देवाचं चित्र असं बारा महिने उघडं ठेवतात काय?"

बाप होता तोवर आई लग्नघरी चौक काढायची. आमच्यात भिंतीवर देवीचा चौक काढला की कापडानं झाकतात. भगत गाऊन देवीला बोलावतो, मगच कापड निघतं. तोवर ते नुसतं तांदळाचं पीठ.

मला वाटलं, आता वसतिगृहातूनही नाव कटलं. पण सिस्टर हसल्या. "आमच्यातही इस्टरआधी मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात."

"मग बोलवा की त्याला."

सिस्टरनी नाताळचं गाणं म्हटलं. बेसूर, पण डोळे मिटून, मनापासून. आईनं टॉवेल ओढला.

मी वहीत ठासून लिहिलं होतं, उजेड मरियेच्या नवऱ्याच्या हातातल्या कंदिलाचा. कंदील तर विझलेला! सगळ्यांच्या सावल्या बाळापासून मागं पडलेल्या. इतकी वर्षं मी त्या चित्रापुढं जांभया दिल्या होत्या.

"असं होय," आई म्हणाली. "शेक बाळच देतंय. मग राहू दे." आणि दारातून वळून, "सिस्टरबाय, नाळ कोणी कापली तेवढं विचारून ठेवा."

मी ते टॉवेलसकट लिहिलं. देव आला असं धरून बघणाऱ्यालाच त्या उजेडाचा पत्ता लागतो, हेही लिहिलं. सरांनी या वेळी वही परत दिली नाही. त्या उन्हाळ्यात मी बी.ए. झाले, आमच्या पाड्यातली पहिली.