पिकअपचं डावं दार

मालवाहू गाडीत पुरुष पुढे केबिनमध्ये आणि बाया मागे पोत्यांवर, हे कोणी ठरवलं? हा प्रश्न मी पत्रकात छापून विचारला, चौकात उभी राहून विचारला, एकदा चौकीवरच्या पोलिसालाही विचारला. उत्तर कोणीच दिलं नाही. उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा मायनं हिरव्या मिरच्यांच्या पुड्या बांधायला काढला. मी भडकले तर म्हणाली, "अवं, घरोघर गेले न तुह्ये कागद? मंग?"

आम्ही बागायती माणसं. मेडशीच्या जवळ आमचं गाव. वावरात मेथी, पालक, वांगी, मिरची आणि सांबार, म्हणजे बाकी महाराष्ट्राची कोथिंबीर. हा माल वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या आठवडी बाजारात माय आणि माझी वहिनी विकतात. माल जायचा गावातल्याच एकाच्या भाड्याच्या पिकअपमधून. बसण्याची रीत ठरलेली. ड्रायव्हरच्या शेजारी बाबा, आणि त्यांना खेटून शेजारचा काका. मागे भाजीवर माय, वहिनी आणि गावातल्या आणखी बाया. बाबांनी कधी कुणाला 'मागं बस' म्हटलं नाही. ते फक्त डावं दार उघडून आत बसायचे. बाकी सगळं आपोआप व्हायचं.

मागे चढण्याचं कसब वेगळंच. लुगड्याचा घोळ खोचायचा, एक पाय मागच्या टायरवर ठेवायचा, हातानं हौदाचा मागचा लोखंडी फाळका धरायचा आणि वर आधी चढलेलीनं मनगट धरून ओढायचं. माय हे तरुणपणापासून करत आली. गेल्या पावसाळ्यात टायर चिखलानं माखलेला होता. पाय सटकला, गुडघा फाळक्यावर आपटला. हाड वाचलं, पण पाय पुन्हा टायरपर्यंत उचलेना.

मग घरातले सगळे एका सुरात बोलू लागले. माय, आता आराम कर. माय, लय केलं तू. आमच्या घरात कुणी दुष्ट नाही, हे मी आधीच लिहून ठेवते. पण मला त्या 'आराम' शब्दाची चीड आली. ज्या बाईला तुम्ही गाडीत नीट बसवू शकत नाही, तिला घरी बसवता आणि त्याला माया म्हणता?

मायच्या बाजाराला जाण्यात फक्त भाजी नव्हती. पाण्याच्या टाकीजवळ, निंबाखाली तिची जागा आहे. त्या जागेला कागद नाही, पावती नाही. दर बाजाराला जी बाई तिथं पोतं अंथरते तिची ती जागा, एवढाच तिथला कायदा. आणि तो बाई पाहून चालतो. वहिनी नवी, आवाजानं हळू. शेजारचा लसूणवाला तिला पाहून दर बाजारी आपलं पोतं जरासं अलीकडे सरकवायचा. वहिनी संध्याकाळी येऊन सांगायची, "आत्याबाई, आज तर निंबाच्या बुडाशी आला तो." माय भाकरीचं पीठ जोरजोरात मळायची. आणखी काही बाजार ती गेली नसती, तर ती जागा कायमची गेली असती. घरात हे सगळ्यांना कळत होतं. म्हणत कोणी नव्हतं.

त्याच हिवाळ्यात दादानं स्वतःची पिकअप घ्यायचं ठरवलं. भाड्याच्या गाडीवाल्यानं ऐन बाजाराच्या दिवशी लग्नाची भाडी घ्यायला सुरुवात केली होती, आणि तोडलेली मेथी त्याच्यासाठी थांबत नाही.

"ओढनारी गाडी पायजे," दादा जेवताना म्हणाला. "आपल्या पांदनीतून भरल्या मालानं निंगाली पायजे. फवारनीची टाकी मागं जोडता आली पायजे. कुणाची फसली तर टोचन लावून काढता आली पायजे. आन् मागचा हौद लांब."

आमच्या वावराचा पांदण रस्ता काळ्या मातीचा. पाऊस पडला की तिथं गाडी रुतते आणि ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढून काढावी लागते. त्यालाच टोचन म्हणतात. दादाचं म्हणणं चूक नव्हतं.

"चार दारांची घे," मी म्हटलं. "डबल केबिन. पुढं दोघं, मागं तिघं, सगळे सीटवर. कोणी पोत्यावर नाही."

"आन् भाजी काय मांडीवर घेऊन बसतं?"

"माणसं आधी की भाजी आधी?"

"झालं! निंगालं पत्रक!" दादानं कपाळाला हात लावला. "तू मालवाहू गाडी घेऊन राह्यली का वऱ्हाडाची?"

बाबा भाकरी कुस्करत होते. ते म्हणाले, "शोरूमले सगळेच जाऊ. पाहून घेऊ." आमच्या घरातल्या सगळ्या भांडणांचा शेवट ते असाच करतात.

वाशिमच्या शोरूममध्ये आम्ही पाचही जण गेलो. दादानं सोबत रिकामे कॅरेट आणले होते, भाजी भरतात ते प्लास्टिकचे. मायनं ओल्या पोत्यात गुंडाळून मेथीच्या जुड्या आणल्या होत्या. काचेच्या दारातून ती जुड्या घेऊन शिरली तेव्हा तिथल्या विक्रेत्या पोराला वाटलं भाजीवाली आली. तो म्हणाला, "मावशी, इथे नको, बाजूला." दादा म्हणाला, "गिऱ्हाईक हाये ते." तो पोरगा एकदम लाल झाला, आणि मग दिवसभर त्यानं मायला जरा जास्तच मान दिला.

तरी माहिती सांगताना तो दादा आणि बाबांकडेच बघायचा. इंजिन, ताकद, चढ, भार. मी मधेच विचारलं, "बसायची सोय?" तो म्हणाला, "ड्रायव्हरला एकदम आरामदायी सीट आहे, मॅडम." मी म्हटलं, "बाकीच्यांना?" तो हसला आणि पुन्हा इंजिनाकडे वळला.

माझ्या आग्रहानं आधी चार दारांची गाडी पाहिली. आतून सुंदर होती. मी मागच्या सीटवर बसून वहिनीला बोलावलं, ती लाजत येऊन बसली. मला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात मागे दादा आणि माय कॅरेट लावून पाहत होते. हौद आखूड. कॅरेटवर कॅरेट चढवावे लागत होते आणि जुड्यांना पसरायला जागाच उरत नव्हती.

माय मागूनच ओरडली, "हे नाई चालत."

"काहून?" मी उतरले.

"मेथी दाबली का गरम होते. गरम झाली का पिवयी पडते. बाजारात पोचेपर्यंत बैलाले टाकाची होईन."

"पण माय, तुझ्याचसाठी सांगून राह्यली ना मी!"

"माह्यासाठी सांगून राह्यली त मले इचार न आधी."

तिथं, त्या चकचकीत फरशीवर, मला रडूच यायचं बाकी होतं. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांनीच आडवं यावं, हा राग ज्यांनी चळवळीत काम केलंय त्यांना माहीत असेल. मी पाणी प्यायला गेले. परत आले तर माय दुसऱ्या गाडीजवळ उभी होती. साधीच दोन दारांची, लांब हौदाची. ती इंजिनाकडे बघतच नव्हती. डावं दार उघडून खालच्या पायरीवर आपला दुखरा पाय ठेवून पाहत होती.

विक्रेता धावत आला. "काकू, तुम्ही खुर्चीवर बसा ना."

"खुर्ची घरी हाये माह्या. मले हितं चढून पाहाचं हाये."

पायरी बुटकी होती. दाराच्या आत धरायला दांडा होता. माय कण्हली, पण कुणाचा हात न धरता वर गेली. आणि आत, ड्रायव्हरच्या शेजारी एक नाही, दोन माणसांची सलग सीट होती.

दादानं हौदात कॅरेट लावले. बसले. मेथी मोकळी राहिली. मागे वाकून त्यानं टोचनचा हूक पाहिला, हातानं हलवला, आणि त्याचं तोंड उजळलं. बाबा सवयीनं पुढे गेले आणि मायच्या शेजारी चढून बसले. विक्रेत्यानं टाळीच वाजवली. "बघा, काका-काकू दोघं आरामात!"

मायनं विचारलं, "आन् सून?"

सगळे वहिनीकडे पाहू लागले. वहिनी घाईनं म्हणाली, "मी बसते न मागं, आत्याबाई. मले सवय हाये."

"मलेबी सवय होती."

आमच्याकडे सून सासऱ्याच्या शेजारी बसत नाही. एका बाजेवर नाही, एका बाकावर नाही, तर गाडीच्या सीटवर मांडीला मांडी लावून कशी बसेल? म्हणजे पुढे बाबा असले की वहिनी मागे पोत्यावर, यात फरक पडणारच नव्हता. हे कुणी बोलून दाखवलं नाही, कारण सगळ्यांना ते पाठ होतं.

माय दांडा धरून हळूहळू खाली उतरली. "मी पुढं गादीवर आन् माह्या पोरीवानी सून फाळक्यावर लटकून, असं नाई होनार. घ्या तुमाले पायजे ते गाडी. मी घरीच राह्यते."

ती रागावली नव्हती. म्हणून जास्त भीती वाटली. माझ्या डोळ्यांपुढे तो लसूणवाला निंबाखाली मधोमध पोतं अंथरताना दिसला.

बाबा अजून आतच होते. त्यांनी सीटवरून एकदा हात फिरवला. बाबांविषयी मी पत्रकात कधी लिहिलं नाही, ते इथं लिहिते. तरुणपणी ते दुसऱ्याच्या वावरात राबायचे आणि मालकाच्या बैलबंडीमागे बाजारापर्यंत पायी चालायचे. बंडीवर बसायची त्यांना मुभा नव्हती. केबिनमधली ती जागा त्यांनी कुणाकडून हिसकावलेली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना 'भाऊ, पुढं बसा' म्हटलं होतं, ती जागा होती ती.

ते उतरले. धोतराचा सोगा झटकला. म्हणाले, "मी एस्टीनं येत जाईन."

"बाबा!" दादा म्हणाला. "आपली गाडी असतानी?"

"मले अर्ध तिकीट लागते. आन् एस्टीत गोष्टी कराले मानसं भेटतात. तू गाडी चालोतानी कुठं बोलतं?"

माझ्यातली पत्रकवाली लगेच जागी झाली. मी म्हटलं, "बाबा, हे उपकार म्हणून नको. हा त्यांचा हक्क आहे."

"बरं बाप्पा, हक्क," बाबा म्हणाले. "आता तुह्यं भाषण झालं असन त रंग पाहू का?"

रंग पांढरा घेतला. मायला तो मळखाऊ वाटला नाही, पण तिनं ते चालवून घेतलं.

पहिल्या बाजाराच्या सकाळी ते पाहायला मुद्दाम मी घरी थांबले. दादानं आणि बाबांनी माल भरला. वहिनी आधी चढली, आत सरकली, डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केला. माय नंतर, दाराकडच्या बाजूला, म्हणजे गुडघा लांब करता येईल. बाबा पिशवी घेऊन एस्टीच्या थांब्याकडे चालू लागले.

तेवढ्यात शेजारचा काका वांग्यांचं पोतं घेऊन आला. पोतं त्यानं हौदात टाकलं आणि दर बाजारच्या सवयीनं डावं दार उघडलं. आत दोन बाया. तो दार धरून तसाच उभा. केबिनमध्ये वाकून पाहिलं, जणू बाबा कुठंतरी खाली पडले असतील.

माय म्हणाली, "जागा नाई भाऊ. मांगं मेथीवर बसता का?"

वहिनीनं तोंडावर पदर दाबला. मी अंगणातून ओरडले, "मागं कोणीच बसायचं नाही! काका, मालवाहू गाडी आहे ती!"

"मंग मी जाऊ कसा?"

रस्त्याच्या पलीकडून, थांब्याच्या सावलीतून बाबांनी हाक मारली, "ये इकडं. एस्टी येऊनच राह्यली."

काकानं दार लावलं. नवीन गाडी, पहिल्यांदा नीट बसलंच नाही. मायनं आतून दांडा धरून ते जोरात ओढून घेतलं, आणि म्हणाली, "चाल बाप्पा लवकर, तो लसनवाला आला असन."