हा ड्रेस कुणाचा?

डभोई रोडवरच्या त्या निवासी संस्थेत आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथे राहणाऱ्या सगळ्यांनी आम्हाला एकच उत्तर दिलं. जेवण कसं असतं? “सारुं छे.” छान आहे. रात्री झोप लागते ना? “सारुं छे.” इथली माणसं कशी आहेत? “बधुं सारुं छे.” एका पन्नाशीच्या गृहस्थांनी तर मी प्रश्न विचारायच्या आतच “सारुं छे” म्हणून टाकलं आणि ते भिंतीकडे बघत बसले.

मी बडोद्याच्या एका विशेष शाळेत आयुष्यभर शिकवलं. बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा. माझे पहिले विद्यार्थी आता केस पिकलेले पुरुष आणि चष्मा लागलेल्या बायका झाले आहेत. शाळा अठराव्या वर्षी संपते, आईवडील कधीतरी जातात, भाऊ-वहिनी आपापल्या संसारात अडकतात, आणि मग प्रश्न येतो तो राहायचं कुठे याचा. म्हणून अशा संस्था. या संस्थेच्या विश्वस्तांना नवी इमारत बांधायची होती. त्याआधी बाहेरच्या माणसांनी येऊन इथली देखभाल कशी आहे ते नीट बघावं, अशी त्यांचीच इच्छा होती. मी नुकतीच निवृत्त झालेली, हात रिकामे, लगेच हो म्हटलं. माझ्या जोडीला एक तरुण मानसशास्त्रज्ञ होती. गुजराती मुलगी, मराठी छान समजायचं तिला.

खरं सांगायचं तर संस्था वाईट नव्हती. संडास स्वच्छ, औषधं वेळेवर, अंगणात कडुलिंब, दुपारच्या डाळीला खरी फोडणी. तिथल्या गृहमातेला सगळे मासी, म्हणजे मावशी, म्हणत. आडव्या बांध्याची, मोठ्या आवाजाची बाई. ती कुणावर ओरडली तरी तो माणूस हसायचा. मग माझं समाधान का होत नव्हतं? कारण जे तिथे राहतात, त्यांच्याकडून आम्हाला काहीच कळलं नव्हतं. पाहुण्यांना काय सांगायचं हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं नाही. पण आयुष्यभर ज्यांना दुसऱ्यांच्या मर्जीने राहावं लागतं, त्यांना समोरच्याला खूश ठेवणारं उत्तर आपोआप येतं. मी वर्गात ते हजारदा पाहिलं होतं.

परतताना बडोद्याच्या अकोटा भागातल्या माझ्या घरी आम्ही दोघी चहा घेत बसलो होतो. एकदम ती म्हणाली, “मॅडम, आपण विचारणं बंद करूया.”

“म्हणजे?”

“विचारलं की ते आपल्याला आवडेल ते बोलतात. बोलायला नको, दाखवायला सांगू. त्यांच्या हातात मोबाइल देऊ. जे आवडतं त्याचा फोटो काढा, जे आवडत नाही त्याचाही काढा.”

मी हातातला कप खाली ठेवला. इतकी सोपी गोष्ट! मी तिथल्या तिथे फोन करायला बसले. बहीण, नणंद, शेजारी, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी. बडोद्यातल्या प्रत्येक घरात एका खणात एक तरी जुना मोबाइल पडलेला असतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं. कुणाची काच तडकलेली, कुणाची बॅटरी फुगलेली. शेजारच्या काकांच्या फोनमध्ये त्यांच्या मुलीचं अख्खं लग्न होतं, ते आधी काढून घ्यावं लागलं. चालू होणारे तेवढे निवडून, सिम काढून, पिशवी भरून आम्ही परत गेलो.

विश्वस्तांपैकी एक जण काळजीने म्हणाले, “फोडले तर?”

“फोडू देत. खणात तरी काय करत होते?”

फोटो काढायला शिकवलं त्या सकाळी मला माझी नोकरीतली पहिली वर्षं आठवली. तोच गोंधळ, तीच मजा. कुणी छताचे फोटो काढले, कुणी स्वतःच्या नाकाचे. एकाने बोट काचेवरच ठेवलं आणि सबंध सकाळ स्वतःच्या बोटाचे फोटो काढून खूश झाला. आमचा एकच नियम होता: कुणी अंघोळ करत असेल, कपडे बदलत असेल तर फोटो नाही. तो त्यांना बरोबर समजला. मासी आधी तोंड वाकडं करून उभी होती. थोड्या वेळाने बघते तर आरशासमोर पदर सारखा करून स्वतःचाच फोटो काढत होती.

आठवड्याने आम्ही सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि ते फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. पहिला फोटो पाण्याच्या टाकीवर झोपलेल्या मांजरीचा. काय टाळ्या! मग डाळीचं पातेलं. मग कडुलिंब, खालून वर बघत काढलेला, कुठल्या फोटोग्राफरला जमणार नाही असा. मग आतून दिसणारं बंद फाटक. तो कुणी काढला विचारल्यावर तीन-चार हात वर आले. माझ्या शेजारी माझी तरुण जोडीदार भराभर टिपून घेत होती आणि मधूनमधून माझा दंड दाबत होती. मला तर एका जागी बसवत नव्हतं.

मग तिशीतल्या एका मुलीचे फोटो सुरू झाले. ही फार बोलायची नाही, केसांच्या घट्ट दोन वेण्या, मान खाली. तिच्या सगळ्या फोटोंत एकच बाई होती. जेवताना, केर काढताना, पाठमोरी, खिडकीशी. पिवळा ड्रेस घातलेली.

मला गंमत वाटली. “ही तुझी मैत्रीण का गं?” मी गुजरातीत विचारलं.

तिने जोरजोरात मान हलवली. नाही. मग उठली, लोकांच्या पायांतून वाट काढत भिंतीपाशी गेली आणि फोटोवर हात ठेवला. चेहऱ्यावर नाही. ड्रेसवर.

“मारो,” ती म्हणाली. माझा.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

“मारो ड्रेस. भाभीए आप्यो.” वहिनीने दिलेला.

फोटोतली बाई तिथेच समोर बसली होती. ती घाबरून उभी राहिली. “मने मासीए आप्यो!” तीही खरंच सांगत होती. मासीनेच तिला तो दिला होता. धुतलेल्या कपड्यांचा ढीग यायचा, मासी बसून माप बघून वाटून द्यायची. ज्याला जे बसेल ते त्याचं, पुढच्या धुण्यापर्यंत.

आणि मग जे सुरू झालं! एक जण दुसऱ्याच्या शर्टाची बाही धरून ओरडला, “आ मारो!” त्याने तिसऱ्याकडे बोट दाखवलं. कुणी आपल्या पँटकडे, कुणी समोरच्याच्या स्वेटरकडे. सगळा हॉल उभा राहिला. इतके दिवस “सारुं छे” म्हणणारी ही माणसं आज एकेका कपड्याची कूळकथा सांगत होती: हा काकाने आणला, हा दिवाळीचा, हा घरून येताना घातला होता. ते पन्नाशीचे गृहस्थ मात्र आपल्या शर्टाची कॉलर ओढत नुसते बसून होते.

मी शाळा तपासायला आलेल्या लोकांना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. खोल्या मोजायचे, खिडक्या मोजायचे. अंगावरचा कपडा स्वतःचा आहे का, हे कुणीही कुणाला विचारलेलं मला आठवत नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं. पण मासीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“बेन, मी काय चोरी केली का?”

मी तिच्याजवळ जाऊन बसले. “नाही हो. तुम्ही सगळ्यांना धुतलेले, कोरडे कपडे घातलेत. एवढ्या माणसांचं एका मशीनमध्ये दुसरं काय होणार?”

ती पदराने नाक पुसत बसली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “धोबी कसा प्रत्येकाच्या कपड्यावर खूण करतो… तशी करता येईल. दोरा घालून.”

दुसऱ्या दिवशी रंगीत दोऱ्यांचा डबा हॉलच्या मधोमध आला. ज्याने त्याने आपला रंग निवडायचा, आणि त्या रंगाचे टाके त्याच्या प्रत्येक कपड्याच्या आत. लाल रंगासाठी मारामारी व्हायची वेळ आली. शेवटी कुणी लाल-काळा, कुणी लाल-पांढरा असे दोन दोरे मिळून घेतले. ज्यांना सुई धरता येत होती ते स्वतःच टाके घालायला बसले. पिवळा ड्रेस वेण्यावालीला परत मिळाला. तिने तो घातला नाही, उशीखाली ठेवला. जिचा गेला ती दिवसभर रुसून होती आणि तिचं रुसणं मला रास्तच वाटलं.

आमच्या अहवालात आम्ही सगळ्यात वर तेच लिहिलं. प्रत्येकाला आपले कपडे, ते ठेवायला आपली जागा, आणि कपडे घेताना आपली निवड. नवरात्र जवळ आली होती. दर वर्षी संस्था सगळ्यांसाठी एकसारखे कपडे घाऊक आणायची. मी विश्वस्तांना म्हटलं, “या वेळी त्यांनाच बाजारात नेऊया.”

“त्या गर्दीत? हरवले तर?”

“थोडे थोडे नेऊ. आणि हरवायचं म्हणाल तर तिथे मीसुद्धा हरवते.”

ते हसले आणि तयार झाले.

आमची पहिली तुकडी सकाळी, दुकानं उघडता उघडता, घडियाळी पोळ या जुन्या बाजारपेठेत उतरली. दुकानांबाहेर चनियाचोळ्या टांगलेल्या, त्यांच्यावरचे आरसे उन्हात चमकत होते. रुसलेली बाई आणि वेण्यावाली हात धरून चालत होत्या. कधी समेट झाला देव जाणे. दुकानदाराने ढीगच्या ढीग काढले आणि मला विचारलं, “एमने शुं गमशे?” यांना काय आवडेल?

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

भला माणूस होता. त्याने मान वळवली आणि त्यांना विचारलं, “बेन, तमने शुं गमे छे?” दोघी आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मी मुद्दाम रस्त्याकडे तोंड केलं. बराच वेळ मागे काही आवाज नाही. मग कुजबुज, मग हसू, मग “आ नहीं! पेलो!” नको तो, तो दुसरा! दुकानदाराचा घाम निघाला तरी त्यांचं संपेना. एकीने गुलाबी घेतला, दुसरीने मोरपिशी.

आमच्याबरोबर ते पन्नाशीचे गृहस्थही होते. त्यांच्यासाठी भरतकामाचं केडियुं, गरब्यात घालतात तो आखूड घेरदार सदरा, काढलं. त्यांनी मान हलवली. दुसरं काढलं. पुन्हा नाही. त्यांना नाही म्हणताना मी पहिल्यांदाच पाहत होते. आणि मग ते सरळ दुकानाबाहेर पडले. मी धावले मागे. गर्दीतून ते असे चालत होते जसं काही ठरवूनच निघालेत. थोडं पुढे शाळेच्या आणि नोकरीच्या गणवेशांचं दुकान होतं, दारात पांढरा शर्ट आणि पांढरी पँट लटकवलेली. तिथे ते थांबले. बोट दाखवलं.

“हे,” ते म्हणाले. “बाबांचं. गाडीचं.”

मी जागच्या जागी उभी राहिले. मराठी! लख्ख मराठी!

“तुम्ही मराठी बोलता?”

“आई बोलायची.”

“आणि बाबा?”

“गाडी घेऊन जायचे. मागच्या डब्यात.” त्यांनी हात उंच केला आणि झेंडा दाखवल्यासारखा हलवला. “हिरवा दाखवायचा. मग जायचं.”

गार्ड! वडील रेल्वेत गार्ड होते. इतकी वर्षं संस्थेत त्यांच्याशी सगळे गुजरातीत बोलायचे. त्यांना ते समजायचं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. आणि पहिल्या दिवसापासून मीसुद्धा त्यांच्याशी गुजरातीतच बोलत होते. मी, मराठी बाई! त्या भर बाजारात मला हसू आणि रडू एकदमच आलं.

पांढरे कपडे त्यांनी दुकानातच घातले. आरशासमोर ताठ उभे राहिले, वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. परतीच्या गाडीत ते बोलतच होते. क्वार्टरच्या मागचा पेरू, आमटीवरून आईचं ओरडणं, फलाटावरचा नळ. फाटकाशी मासीने दार उघडलं, क्षणभर ऐकलं आणि मागे वळून आत हाक मारली, “अरे, आ तो बोले छे! सांभळो, बोले छे!” अरे, हा तर बोलतोय, ऐका! सगळे धावत आले. मासीला त्यांचा एक शब्द नीट कळत नव्हता, पण ती त्यांचा हात धरून “हं, हं, पछी?” करत होती. पुढे काय झालं ते तिला ऐकायचं होतं.

आता संस्थेत प्रत्येकाच्या खाटेशी एक कपाट आहे. फाटकाचा विषय अजून चालू आहे. ठरावीक वेळी ज्यांना एकट्याने जमतं त्यांना समोरच्या दुकानापर्यंत जाऊ द्यावं, यावर विश्वस्तांशी आमची दर बैठकीत जुंपते. शहराच्या दुसऱ्या टोकाची एक संस्थाही आमच्याकडून पाहणी करून घ्यायला तयार झाली आहे. तिथे मी आणि माझी तरुण जोडीदार जाणार आहोतच, पण वेण्यावालीही आमच्याबरोबर येणार आहे, मोबाइल घेऊन. तिला तसं विचारलं तेव्हा ती लगेच हो म्हणाली नाही. आधी विचारलं, “त्यां मारे शुं पूछवानुं?” मी तिथे काय विचारायचं? मी म्हटलं, ते तूच ठरव.

काल सकाळी मासीच्या नंबरवरून फोन आला. उचलला तर पलीकडे ते गृहस्थ.

“ताई, आज तुमच्याकडे काय केलंय?”

“भरली वांगी.”



“मला पण पाहिजे,” ते म्हणाले. “आणि मासीसाठीपण. तिखट कमी.”

मी डबा धुवायला घेतला.