बाकावरची जागा

व्हर्ला स्टॉडर्ड पाच फूट दोन इंच उंच आहे. अब्राहम लिंकनची बायको मेरी साधारण तेवढीच होती म्हणतात. मी पाच फूट अकरा. माझ्या संसारातलं सगळं दुखणं या एवढ्या फरकातून आलं.

आमच्या हॉलिस ग्रोव्हच्या चौकात जुनं कोर्ट आहे. अध्यक्ष होण्याच्या आधी लिंकन वकील होता, तेव्हा वर्षातून दोनदा घोड्यावरून इथे खटले चालवायला यायचा. आता खटले नाहीत, पर्यटक आहेत. माझा नवरा डेल्मर धान्याच्या कोठारावर वजनं करायचा; पण सहा फूट चार इंच उंची आणि बसलेली गालफडं, म्हणून गावाने त्याला लिंकन करून टाकलं. जानेवारीत मिशी उतरवून त्याने हनुवटीखाली दाढी राखायला घेतली की माझ्या पोटात दुखायला सुरुवात. मे उजाडला की दर शनिवारी उंच काळी टोपी घालून तो कोर्टात लोकांपुढे बसायचा आणि शेजारी मेरी होऊन व्हर्ला. मी एकदाही बघायला गेले नाही.

व्हर्ला शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढायची. नवरा तरुणपणीच ट्रॅक्टरखाली गेला, मूलबाळ नाही. लोक तिला बिचारी म्हणायचे. मीही म्हटलं असतं, पण एकोणीस वर्षं तिचे घेरदार झगे मी शिवत होते, आणि तोंडात टाचण्या धरून कुणाला बिचारी म्हणता येत नाही. एकोणीस वर्षांत त्या बाईची कंबर इंचभरही वाढली नाही. वर ती गोड बोलायची. मापाला येताना रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणायची आणि डेल्मर त्याचा दुसरा तुकडा मागून घ्यायचा. माझ्या केकला नुसतं ‘छान’.

एकदा मी त्याला सरळच सांगितलं की पुढच्या वर्षी दुसरी मेरी शोधा. तो हसायला लागला. म्हणाला, “आर्डी, अगं खरी मेरीसुद्धा अशीच जळायची म्हणे. म्हणजे खरी मेरी तूच.” हे त्याला माझं कौतुक वाटत होतं.

मग कोर्टाच्या समितीने पुतळा बसवायचं ठरवलं. बाकावर लिंकन, शेजारी मेरी, त्याचा हात मागून तिच्या खांद्यावर. शिल्पकाराने दोघांना शेजारी बसवून मापं घेतली, हातांचे साचे घेतले. त्याच हिवाळ्यात डेल्मर हार्ट अटॅकने गेला. महिन्याभराने समितीची माणसं कागद घेऊन दारात. साचे वापरायला माझी सही हवी होती.

सही देते म्हटलं, पण बाकावर तो एकटा बसेल. मी किराणा आणायला निघावं आणि माझा नवरा दुसरीच्या खांद्यावर हात टाकून भर चौकात बसलेला रोज बघावा, हे माझ्याने होणार नाही. शेवटी ते कबूल झाले. लिंकन महत्त्वाचा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

व्हर्लाने येऊन भांडायला हवं होतं. माझी तयारी होती. ती आली नाही. झगा धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून माझ्या पायरीवर ठेवून गेली.

पुतळा बसला. एकटा लिंकन, एक हात बाकाच्या पाठीवर पसरलेला. आणि ती शेजारची जागा सगळ्या जगाला मोकळी झाली. ओहायोच्या शिक्षिका, टेक्ससच्या नव्या नवऱ्या, जपानहून आलेल्या बायका, जी येते ती त्या हाताखाली शिरून फोटो काढून घेते. त्याचा ब्राँझचा गुडघा हात लावून लावून पिवळा पडलाय. एकीला उठवून मी हजार जणी आणून बसवल्या. माझा नुसता तिळपापड व्हायचा. बसत नव्हती ती फक्त व्हर्ला. कोर्ट उघडायच्या आधी येऊन ती फडक्याने पाखरांची घाण पुसायची, एवढंच.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी मुद्दाम लवकर गेले. ती होतीच. मला बघून बाजूला झाली. मी बसले, तर हात खांद्याला लागेचना. पाठीच्या मधोमध रुतत होता. माझ्या नवऱ्याचा हात, आणि माझ्याच अंगाला बसत नव्हता. मला रागाने रडू आलं.

“थोडी खाली घसर,” व्हर्ला म्हणाली.

मी घसरले. तेव्हा तो खांद्यावर आला. गारठलेला होता. आणि इतकी वर्षं गिळलेलं तोंडातून निघून गेलं.

“असाच ठेवायचा का गं?”

ती फडक्याची घडी घालत राहिली. “हो. लोक असले की. लोक गेले की लगेच काढून घ्यायचा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कधीकधी मी लोकांना उगाच काहीबाही सांगत थांबवून धरायचे.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? इतकं बरं वाटलं, की तिच्या तोंडाकडे बघायची लाज वाटली.