ग्वाल्हेरची काळी बियर

ग्वाल्हेर स्टेशनावर उतरलो तो दोन किलो नाचणी घेऊन. मावसभाऊ शिरीषने ती घरच्या बियरसाठी पुण्याहून मागवली होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याचा जीव यातच रमला होता, पण आधीचे दोन घाणे करपट कडू झाले होते.

"ये तीसरा है," दर्पण कॉलनीतल्या घरी पोचताच सुनंदावहिनी म्हणाल्या. "हाही बिघडला तर सगळी पातेली भंगारात. मी ह्यांना बोलून दिलंय."

सकाळी बेडई (उडदाच्या सारणाची पुरी) आणि बटाट्याची झणझणीत भाजी हाणली. मग शिरीष नाचणी आणि जव भाजायला बसला, तेही मोठ्या आचेवर! वहिनी कॉलनीतल्या निम्म्या मराठी घरांना थालीपिठाची भाजणी पुरवतात. त्यांना ते बघवेना.

"हटा तुम्ही. असं भाजतात का?"

मंद आच, संथ हात, मधूनच एक दाणा दाताखाली. घरभर खमंग वास सुटला. मी बघतच राहिलो.

भाजलेलं धान्य आणि विकतचा माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) मी माधवगंजातल्या चक्कीवर नेला. वाटेत किल्ला दिसत होता, त्याच्याकडे बघत सवयीने सांगून टाकलं, "भाजणीसारखं बारीक करा." हवी होती नुसती भरड.

पिंपातल्या गरम पाण्यात पीठ पडलं आणि तासाभराने रस काढायला गेलो, तर तोटीतून थेंब गळेना. बियरचं पिठलं झालं होतं. शिरीष खुर्चीवर बसून राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वहिनी आत गेल्या आणि श्रीखंडाचा चक्का बांधायचं फडकं घेऊन आल्या.

"पकडा, भाऊजी. कसके!"

हात पोळत होते, पण फडक्यातून काळाभोर रस गळू लागला. तीन तास आम्ही आळीपाळीने ते धरून होतो. मग शिरीषने रस उकळून, निववून त्यात यीस्ट घातलं.

दुसऱ्या दिवशी निघालो. किल्ला लांबूनच पाहिला, पण त्याची हळहळ वाटली नाही. वहिनींचे हात पाहिले होते.

महिन्याभराने शिरीषचा फोन आला. "फेस बघ, फोटो पाठवलाय!"

"आणि वहिनी?"

"दोन घोट घेतले. म्हणाली, अगली बार जव थोडे कमी भाजू. और भाऊजींना चक्कीवर पाठवायचं नाही."